साठ पोती की आठ पोती

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल सांगणाऱ्या एका आजोबांची मुलाखत मी रेकॉर्डिंग ऐकून कागदावर उतरवून दिली होती. त्यात एक वाक्य होतं, "त्याच्या आदल्या साली आमाला आठ पोती जोंधळा झाला." या मुलाखतींच्या प्रकल्पाच्या ताईंनी मूळ रेकॉर्डिंग ऐकलं आणि मला फोन केला. "अगं, आजोबा साठ म्हणतायत. परत ऐक बरं." रात्री सगळी निजानीज झाल्यावर मी घरी ऐकलं. साठच होतं, अगदी स्वच्छ. साठ पोती पिकवणाऱ्या घरावर पुढच्याच वर्षी खडी फोडायला जायची आणि मिलो, म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी, खायची वेळ आली, हाच तर त्या मुलाखतीचा गाभा होता. माझ्या एका अक्षरानं तो पुसला गेला होता.

मग मी मागची पानं काढून बसले. "सुगी झाली" असं होतं तिथे मी "उगी झाली" लिहिलं होतं. आणखी एक 'स' असाच गळला होता. या तिन्ही चुका मी गाडीत बसून तपासलेल्या पानांवर होत्या. आठवड्यातून एकदा मी पुण्याहून मुंबईला जाते, सकाळी ७.१५ च्या डेक्कन क्वीननं, आणि संध्याकाळी तिनंच परत. तो वेळ वाया जाऊ नये म्हणून साधे वायरचे इअरफोन कानात घालून, आवाज चढवून, मी पानं तपासायची. बारा वर्षं हेच चाललं होतं.

ताईंनीच कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे एका छोट्या ध्वनिरोधक खोलीत बसवतात, हातात एक बटण देतात आणि कानात बारीक 'पीं' वाजलं की दाबायला सांगतात. २५० हर्ट्झच्या जाड आवाजापासून ८,००० हर्ट्झच्या अगदी बारीक आवाजापर्यंत. शेवटी हातात एक आलेख येतो. माझ्या उजव्या कानाची रेघ बरीचशी सरळ होती. डाव्या कानाची मात्र ४,००० हर्ट्झपाशी खड्ड्यात उतरून ८,००० ला पुन्हा वर आली होती. डॉक्टरांनी त्या खड्ड्यावर पेन टेकवलं. "हा वयाचा नाही, हा गोंगाटाचा. कारखान्यातल्या माणसांच्या कागदावर असाच दिसतो. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं सांभाळता येतं. आवाजावर आवाज चढवून ऐकू नका."

घरी येऊन मी एक साधी मोजणी केली. माझ्या फोनवर आवाजाच्या १५ पायऱ्या आहेत. रात्री शांत खोलीत मुलाखत मला ५ व्या पायरीवर आरामात कळत होती. दुसऱ्या दिवशी स्वारगेटहून सुटणाऱ्या बसमध्ये तीच मुलाखत, तेच इअरफोन, आणि तितकंच कळायला मला १२ वर जावं लागलं. या मधल्या ७ पायऱ्या म्हणजेच माझ्या डाव्या कानाचा खड्डा, हे त्या दिवशी मला डोळ्यांनी दिसलं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये मिळून जी मर्यादा घालून दिली, ती मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल अशी आहे. दर ३ डेसिबलला ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०. पायऱ्या चढताना हे कुणाच्या ध्यानात येतं?

तेव्हाच ठरवलं की नॉइज कॅन्सलिंगचे, म्हणजे भोवतीचा गोंगाट कमी करणारे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्यायचे. आणि जाहिरात बघून घ्यायचे नाहीत, पारखून घ्यायचे. त्यात अडीच महिने गेले.

आधी हे काम कसं करतं ते समजून घेतलं, कारण काय तपासायचं ते त्याशिवाय ठरत नव्हतं. आवाज म्हणजे हवेतला दाब, वरखाली होणारा. हेडफोनच्या कानावरच्या कपाच्या बाहेरचा माइक येणारा आवाज टिपतो, आतली चिप त्याच्या बरोबर उलट लाट तयार करते आणि स्पीकर ती कानात सोडतो. उंचवट्यावर खळगा पडला की दोन्ही सपाट. कानापाशी आत आणखी एक माइक असतो, तो काय उरलं ते बघून दुरुस्ती करत राहतो. कल्पना जुनी आहे. पाउल ल्यूग या जर्मन शास्त्रज्ञाला तिचं अमेरिकन पेटंट १९३६ मध्येच मिळालं होतं. हेडफोनमध्ये ती उतरवण्याचा ध्यास बोस कंपनी काढणाऱ्या अमर बोस यांनी घेतला. १९७८ साली झुरिकहून विमानानं परतताना इंजिनाच्या घरघरीत त्यांना संगीत धड ऐकू येईना, आणि तिथेच बसून त्यांनी गणित मांडायला घेतलं. त्यांच्या कंपनीचा पहिला विक्रीचा संच वैमानिकांसाठी आला तो १९८९ मध्ये. म्हणजे त्या एका प्रवासानंतर अकरा वर्षं लागली.

मला खरा उपयोगी पडला तो लाटेच्या लांबीचा हिशोब. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. १०० हर्ट्झची घरघर घेतली तर तिची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब. तिला उलटी लाट भिडवायला चिपला भरपूर सवड मिळते. ५,००० हर्ट्झच्या बारीक आवाजाची लाट जेमतेम ७ सेंटीमीटर. तिथे केसभर उशीर झाला, माइक जरासा इकडेतिकडे असला, की सगळं चुकतं. म्हणून इंजिन, पंखा, रुळांची गडगड हे चिप खाऊन टाकते, आणि कुकरची शिट्टी, हॉर्न, ताशा, शेजारच्या बाकावरच्या गप्पा हे अडवायचं काम मुख्यतः कानाभोवतीच्या गादीचं असतं. चिपचं आणि गादीचं काम वेगळं, तर दोन्हीची परीक्षाही वेगळी घ्यायला हवी.

इथे एक शंका मला फार दिवस छळत होती. माझा गळतो तो 'स', आणि 'स' हा बारीक आवाज, ४,००० हर्ट्झ आणि त्याच्याही वरचा. हेडफोन मारणार खालची घरघर. मग माझा काय फायदा? उत्तर कानाच्या घडणीत आहे. खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या नाजूक आवाजांवर पसरतो आणि त्यांना झाकतो. उलट सहसा होत नाही. गाडीची गडगड कमी झाली की 'स' न वाढवताही वर येतो. हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हा खर्च चैनीचा नाही, माझ्या हातातल्या कामाचा आहे.

वहीत मी एकच मुख्य रकाना ठेवला. शांत खोलीतली पायरी आणि गोंगाटातली पायरी, यांतला फरक. एका हेडफोनची पायरी दुसऱ्याशी लावून चालत नाही, कारण प्रत्येकाचा मूळ आवाज वेगळा. पण ज्याची त्याच्याशी तुलना खरी बोलते. ऐकण्यासाठी तीन गोष्टी ठरवल्या. एक, हळू बोलणाऱ्या एका आजींच्या मुलाखतीतली चार मिनिटं. दोन, बाबांचा तानपुरा. आमचं घर मिरजेचं. बाबांनी घरीच कॅसेटवर भरून ठेवलेला तानपुरा दादानं कॉम्प्युटरवर घेतलेला आहे. आणि तीन, काहीच न वाजवता नुसती शांतता.

दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग त्या मुलाखतीतला पंख्याचा आवाजपण जाईल की." पुष्कळांचा हा समज असतो. रेकॉर्डिंगमध्ये जे भरलं गेलं ते जसंच्या तसं राहतं. हेडफोन फक्त तुमच्या भोवतीचा गोंगाट कमी करतात. फोनवर बोलताना पलीकडच्याला तुमच्या मागचा गलका कमी ऐकू येतो, ती करामतही वेगळीच, आणि तिचे माइकही बहुधा वेगळे. डब्यावर या दोन्हींसाठी एकच शब्द छापलेला असतो, म्हणून घोटाळा होतो.

माझ्या हाती तीन हेडफोन आले. त्यांना मी रंगानंच ओळखते. निळा मी स्वतः ऑनलाइन मागवला, ४,५०० रुपयांचा. काळा भाच्याचा, ३० हजारांच्या घरातला. त्यानं "आत्या, महिनाभर ठेव गं, मला ऑफिसात दुसरा आहे" म्हणून दिला. करडा मैत्रिणीचा, दोन वर्षं वापरलेला. या तिसऱ्यानं मला सगळ्यांत जास्त शिकवलं. नवा हेडफोन सगळेच छान असतात. दोन वर्षं घामात, पर्समध्ये, पावसाळ्यात काढल्यावर तो कसा आहे हे दुकानात कुणी दाखवत नाही.

निळ्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. शांत खोलीत नॉइज कॅन्सलिंग चालू केलं की एक बारीक 'स्स' ऐकू यायचा, सतत. ज्या कामात मी 'स' शोधते आहे, तिथे यंत्रानंच स्वतःचा 'स' घालावा हे मला सोसेना. बसमध्ये फरक ४ पायऱ्यांचा, म्हणजे इअरफोनच्या ७ पेक्षा बराच बरा. पण खड्ड्यातून बस गेली की कानात 'धप्' असा दणका बसायचा. गादीत फट राहिली की दाबाच्या धक्क्यानं आतल्या माइकची फसगत होते. आणि तानपुऱ्यानं तर त्याचं सोंग उघडंच पाडलं.

तानपुऱ्याच्या परीक्षेबद्दल जरा थांबून सांगते. चार तारा. पंचम, दोन जोडाचे षड्ज, आणि शेवटचा खर्ज. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून जवारी लावलेली असते, त्यामुळे एकाच तारेतून वरचे स्वर एकामागोमाग उमलत जातात. म्हणजे एका छेडीत सगळ्यांत खालचा गंभीर नाद आहे आणि त्यावर तरंगणारी बारीक झिलईपण आहे. हेडफोनला याहून प्रामाणिक परीक्षा मला सुचली नाही. मी शांत खोलीत तानपुरा लावायची आणि नॉइज कॅन्सलिंग बंद-चालू, बंद-चालू करायची. बाहेर गोंगाट नसताना खरं तर काहीच बदलायला नको. निळ्यात मात्र चालू केल्याबरोबर खर्ज सुजल्यासारखा जाड व्हायचा आणि जवारीवर पडदा पडायचा. बंद केलं की तानपुरा परत बाबांचा. काळ्यात बदल जवळजवळ नव्हता. करड्यात खर्ज किंचित पुढे यायचा, पण जवारी शाबूत राहायची. करड्यात एक दुसरी गोष्ट सापडली. बॅटरी संपल्यावर वायर लावून ऐकलं तर आवाज पार पडेल होतो, डबा ठेवून ऐकल्यासारखा. म्हणजे वायर आहे म्हणून बॅटरीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. तिन्हींत मागे कॅसेटची खरखर होती. "टेपची खरखर, तिन्हींत सारखी" अशी मी वहीत नोंद केली.

निळा परत करायला गेले तर विक्रेत्याच्या पानावर बारीक अक्षरांत "फक्त बदलून मिळेल" असं होतं. बिघाड असेल तरच, तोही तसलाच दुसरा नग. "स्स" येतो हा त्यांच्या लेखी बिघाड नव्हता. आठ दिवसांत सहा फोन केले. शेवटी पैसे परत आले, पण त्यासाठी मला त्या 'स्स'चं रेकॉर्डिंग करून पाठवावं लागलं. ज्याच्याकडे इतका वेळ नसतो त्यानं काय करायचं, हा राग अजून माझ्या मनात आहे. मागवण्याआधी परतीची अट वाचा, आणि तिचा फोटो काढून ठेवा.

काळ्याचं नॉइज कॅन्सलिंग विलक्षण होतं. पहिल्यांदा बसमध्ये बटण दाबलं तेव्हा इंजिन कुणीतरी उचलून दूर नेऊन ठेवावं तसं झालं. कंडक्टरचं पंच टकटकताना ऐकू येत होतं, पण बसची घरघर नव्हती. फरक फक्त १ पायरी, शांत खोलीत ५ आणि बसमध्ये ६. नणंदेच्या आयफोनवर कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेचं आवाज मोजण्याचं मोफत ॲप आहे, त्यावर बसमध्ये आकडा ७८ ते ८२ च्या दरम्यान हलत होता. अर्थात कपाच्या आत काय चाललंय ते या ॲपला कळत नाही. ते फक्त बाहेरचा गोंगाट रोज साधारण सारखा होता की नाही हे पाहण्यापुरतं.

पण काळा माझ्या डोक्याचा नव्हता. मी चष्मा लावते, जाड काड्यांचा. काडीखाली गादी उचलली जाते, फट पडते आणि नेमकी खालची घरघर तिथून आत शिरते. चष्मा काढून १ पायरी, चष्म्यासकट २ आणि कधी ३. शिवाय पकड घट्ट. तासाभरानं कानामागे काडी रुतायची. मी कुड्या घालते, त्यांचं मळसूत्र गादीखाली दाबलं जाऊन कानाची पाळी लाल व्हायची. वजनाचंही तसंच. सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ चं वजन २५४ ग्रॅम आहे आणि ॲपलच्या पहिल्या एअरपॉड्स मॅक्सचं ३८५ ग्रॅमच्या आसपास. कागदावर हा फरक सुमारे १३० ग्रॅमचा दिसतो. डोक्यावर तीन तास ठेवा, मग तो मानेला कळतो. कुठलाही हेडफोन पारखायचा तर आपला रोजचा चष्मा, रोजचे कानातले, रोजचा अंबाडा किंवा वेणी यांच्यासकट, आणि निदान दीड तास. दुकानातल्या पाच मिनिटांत सगळे मऊ असतात.

काहींना नॉइज कॅन्सलिंग चालू केल्यावर घाट चढताना कानाला दडे बसतात तसा दाब वाटतो. माझ्या वहिनीला काळ्यानं दोन मिनिटांत गरगरलं. प्रत्यक्षात दाब बदललेला नसतो, पण वाटणं खरं असतं. अशा माणसानं कमी-जास्त करता येणारं नॉइज कॅन्सलिंग बघावं, नाहीतर नुसता जाड गादीचा साधा हेडफोन घ्यावा.

आणि पंखा! पुण्यातला एप्रिल, डोक्यावर पंखा पाचवर. पंख्याची घरघर काळा आणि करडा दोघंही खायचे, पण वारा थेट कपावरच्या माइकच्या जाळीवर लागला की फडफड सुरू व्हायची, उशीचा अभ्रा दोरीवर फडफडावा तशी. खुर्ची दोन फूट सरकवली की थांबायची. पंख्याखाली किंवा गाडीत खिडकीशी बसणाऱ्यांनी ही परीक्षा घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत. करड्याच्या ॲपमध्ये वाऱ्यासाठी वेगळी सोय होती. ती लावली की फडफड जायची, पण गडगड थोडी परत यायची.

करडा मला पहिल्या दिवसापासून बसला. हलका, पकड सैल, गादी खोल. चष्म्यासकट बसमध्ये २ पायऱ्या, रोज २ च. दोन वर्षं वापरूनही चार्ज केल्यावर बावीस-तेवीस तास चालत होता. डब्यावर ३० छापलेले होते. गादीच्या कडेला मात्र रेक्झिनचे पापुद्रे सुटायला लागले होते. पुण्यातच ही गत, तर मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्या आणखी लवकर जाणार. मी गादी फिरवून काढून पाहिली, खटक्यानं निघाली आणि बसली. सुट्या गाद्यांची जोडी मिळते याची खात्री करून घेतली. जिथे गादी चिकटवलेली असते तिथे हेडफोनचं आयुष्य गादीएवढंच.

मग करड्यानं मला एक असा धक्का दिला की मी त्याला बाद करायला निघाले होते. मुलाखत उतरवताना मी दर दोन-तीन शब्दांनी थांबते, टाइप करते, परत सुरू करते. एका मावशींच्या रेकॉर्डिंगमध्ये विहिरीबद्दल चाललं होतं. मी थांबवलं, टाइप केलं, सुरू केलं. कानात आलं, "व्हतं पाणी." मी लिहिलं, होतं. पुढच्या वाक्यात मावशी चार मैलांवरून घागरी आणल्याचं सांगायला लागल्या. जुळेना. मागे जाऊन सलग ऐकलं तर त्या म्हणत होत्या, "नव्हतं पाणी." थांबल्यानंतर ब्लूटूथची जोडणी डुलकी घेते, आणि पुन्हा सुरू करताना जाग येईपर्यंत पहिला क्षण गिळला जातो. गिळला गेला तो नेमका 'न'. गाणी ऐकणाऱ्याला हे कधी कळणारही नाही. ब्लूटूथनं आवाज जरा उशिरा पोचतो, पण सिनेमा बघणाऱ्यांसाठी ओठ आणि आवाज जुळवून घ्यायची सोय ॲपच करतात. माझ्यासारख्या कामात मात्र नव्हत्याचं होतं होतं.

मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "आत्या, वायर लाव ना. नॉइज कॅन्सलिंग चालूच राहतं की." साडेतीन मिलिमीटरची वायर लावली, हेडफोनही चालू ठेवला, आणि 'न' परत आला. काही मॉडेलमध्ये वायर लावल्यावर नॉइज कॅन्सलिंग चालतं, काहींत चालत नाही, काहींना वायरचं भोकच नसतं. आता टेबलावर उतरवण्याचं काम वायरनं, आणि गाडीत नुसतं सलग तपासायचं तेव्हा बिनवायरीनं, अशी वाटणी झाली. ब्लूटूथच्या निरनिराळ्या कोडेकवरून, म्हणजे आवाज आकसून पाठवायच्या पद्धतींवरून, लोक तावातावानं भांडतात. बोललेला आवाज ऐकायला मला तरी त्यांत फरक सापडला नाही. तानपुऱ्याच्या जवारीत सापडला, तोही रात्री दोन वाजता, श्वास रोखून ऐकल्यावर.

शेवटची परीक्षा घाटात. संध्याकाळची परतीची गाडी, कर्जत मागे पडलं, आणि ३७ फुटांमागे १ फूट वर नेणारा तो बोरघाटाचा चढ सुरू झाला. बोगद्यात शिरताना आवाज भिंतींवर आपटून दुप्पट झाल्यासारखा वाटतो. साध्या इअरफोननं मी इथे नेहमी १३ वर जायची. करडा कानावर, चष्मा डोळ्यांवर, पायरी ७. पहिला बोगदा आला. रुळांची गडगड वाढली, पण लांबून, नदीपलीकडून यावी तशी. चाकांची किरकिर मात्र जशीच्या तशी आत आली, ती बारीक असते ना. मी बोट आवाजाच्या बटणावर ठेवूनच बसले होते. दुसरा बोगदा, तिसरा. आजी हळू आवाजात सांगत होत्या की दुष्काळी कामावर खायला सुकडी मिळायची ती पोरांसाठी पदरात बांधून आणायच्या. 'सुकडी'तला 'सु' मला बोगद्यात ऐकू आला. लोणावळ्यापर्यंत मी ७ वरच होते.

त्याच प्रवासात एक वाईट गोष्टही ध्यानात आली. शेजारच्या काकू उतरण्यासाठी "जरा सरकता का" म्हणून दोनदा बोलल्या, मला कळलंच नाही. फलाटावर, रूळ किंवा रस्ता ओलांडताना हेडफोन गळ्यात, डोक्यावर नाही, हे मी तेव्हापासून पाळते. बाहेरचा आवाज आत सोडायचं बटण असतं, पण मागून येणाऱ्या दुचाकीबाबत मी त्याच्यावर विसंबणार नाही.

करड्याचाच नवा नग मी सेलमध्ये १६ हजारांना घेतला. काळा भाच्याला परत केला, मनात जरा हळहळ ठेवून. चष्म्याच्या काड्याही बारीक तारेच्या करून घेतल्या. त्यासाठी १,२०० रुपये गेले आणि बसमधला फरक २ वरून दीडवर आला, म्हणजे कधी १ कधी २. सहा महिन्यांनी पुन्हा कान तपासला. डाव्याचा खड्डा होता तिथेच आहे, खोल झालेला नाही.

आषाढात मिरजेला गेले तेव्हा हेडफोन नेला होता. आईला फोनवरच्या बोलण्याचं विचारायचं होतं, कारण बाजारातून मी तिला करड्यावरून फोन केला होता आणि ती म्हणाली होती, "तुझा आवाज येतो गं, पण पाण्याखालून." ते तसंच आहे, माझ्या मागचा गलका कापताना माझाही थोडा कापला जातो. मग सहज मी तिच्या डोक्यावर हेडफोन बसवला, पदर नीट केला आणि बाबांचा तानपुरा लावला. ती डोळे मिटून बसली. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. चार मिनिटं ती काही बोलली नाही. मग एक कप कानावरून उचलून म्हणाली, "शेवटी शेवटी खर्ज उतरलाय बघ जरा. हवाच तसली होती. मागे पाऊस ऐकू येतोय ना पत्र्यावर."

मी हेडफोन घेतला आणि पुन्हा लावला. पाऊसच होता. कडेला थेंब वेगळे पडत होते, मध्ये एकदा सर वाढलेली कळत होती.

मी वही काढली, "टेपची खरखर" खोडलं आणि वर "पाऊस" लिहिलं.